हात दिलेले बोर्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने सामान उतरवताना शिलाई मशीनचा पाय वाकवला आणि वर मलाच विचारलं, हे आधीपासूनच असं होतं का. पण आज कोणावर चिडायचं नाही असं ठरवलं आहे. घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. पुढच्या खोलीला रस्त्याकडे रुंद खिडकी आहे, तिथेच आईची खाट लावली. श्वासाचं यंत्र तिने प्रवासभर कुणाला उचलू दिलं नाही, लेकरू घ्यावं तसं मांडीवर घेऊन बसली होती.

आईच्या छातीचे स्नायू दोन वर्षांपासून थकत चालले आहेत. मास्क काढला आणि बसून राहिली तर तासभर निभावते, आडवी झाली तर दहा मिनिटंही नाही. मास्क लावून बोलता येत नाही, म्हणून उशाशी पाटी. आयुष्यभर कपडे शिवले, त्यामुळे लिहितेही मापात. आज संध्याकाळी माझी बडबड ऐकून दमली आणि लिहिलं, ‘ठमे, आता वहीत बोल.’ म्हणून ही वही.

उद्यापासून कारखाना. आईच्या यंत्रासारखीच यंत्रं तिथे बनतात. कामगाराच्या घरात गरज असेल तर नवं यंत्र कारखान्याकडून मिळतं, हे कळलं त्याच दिवशी मी अर्ज टाकला होता. पंधरा वर्षं रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करून हाताला घट्टे पडले, त्याचा शेवटी उपयोग झाला. मला खूप बरं वाटतंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझं टेबल खिडकीपासून तिसरं. टेबलावर चाचणीचं यंत्र, त्यात तीनशे बारा बारीक स्प्रिंगच्या पिना उभ्या. सगळे त्याला गादी म्हणतात. गादीवर श्वासयंत्राच्या आतला सर्किटचा बोर्ड ठेवायचा, दांडा ओढून झाकण खाली दाबायचं. पिना बोर्डाला खालून टेकतात, चार सेकंदांत प्रत्येक सांधा तपासला जातो आणि पडदा हिरवा होतो किंवा लाल.

शेजारच्या टेबलावर भिंगवाली मावशी. भिंगातून बोर्ड बघणं हे तिचं काम, आणि भिंग नसतानाही ती माणसाकडे तशीच बघते. तिने मला पहिल्या तासातच सगळं समजावलं. पूर्वी डाखात, म्हणजे सांधे जोडायच्या वितळत्या धातूत, शिसं असायचं. तो डाख मऊ, पीन त्यात सुखाने रुतायची. आता शिसं बंद, सगळं लेड-फ्री. या डाखाला जास्त ताप द्यावा लागतो, त्यामुळे त्याच्याबरोबरची राळ करपून काचेसारखी कडक होते. पीन त्या पापुद्र्यावरच अडते आणि यंत्र म्हणतं, सांधा तुटका आहे. म्हणजे दहा लालमधले आठ खोटे. राहिलेले दोन कोणते, ते डोळ्यांनी कळत नाही, कारण हा डाख चांगला असला तरी मळकटच दिसतो.

लाल आला की पिना ब्रशने झाडायच्या, बोर्ड स्पिरिटने पुसायचा, पुन्हा दाबायचा. तीनदा लाल आला की दुरुस्तीला. आमचे साहेब दर तासाला आकडा विचारायला येतात. आकड्याशिवाय ते बोलतच नाहीत. मला म्हणाले, दिवसाला एकशे वीस, आणि निघून गेले. नमस्कारही आकड्यातच केला असता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवसांत एकदाही एकशे वीस झाले नाहीत. सत्तर, चौऱ्याहत्तर, एकसष्ट. दुरुस्तीच्या टोपलीत माझे बोर्ड मावेनात. साहेब आज दुपारी खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि नुसते उभेच राहिले.

ते गेल्यावर मावशीने आवाज खाली करून सांगितलं की बोर्डाला जरा हात द्यायचा. म्हणजे झाकण खाली आलं की कडेने तळवा आत सरकवायचा आणि ज्या कोपऱ्यात लाल दाखवतंय तिथे दाबून धरायचा. पीन राळ फोडून आत जाते, पडदा हिरवा. माझ्या आधी या खुर्चीवर होती ती असाच हात द्यायची, म्हणून तिला सगळे पासबाई म्हणायचे.

हे चूक आहे ते मला कळतं. सांधा खरोखरच तडकलेला असेल तर तोही दाबल्यावर जुळतो, आणि हात काढला की पुन्हा सुटतो. तरीही दिला. आज चार बोर्डांना दिला. शेवटचा क्रमांक ४४१७, तो दोनदा लाल आला होता. हिरवा झाल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्राची आणि माझी गट्टी जमली आहे. मंगळवारपासून हात द्यावाच लागत नाही. पहिल्या दाबाला लाल, दुसऱ्याला आपोआप हिरवा. परवापासून तर पहिल्याच दाबाला. आज एकशे एकतीस झाले. साहेबांनी चक्क दोन शब्द खर्च केले, म्हणाले चांगलं आहे.

आईला सांगितलं तर तिने लिहिलं, ‘पगारी माणूस की जादूगार?’ मग पुसून खाली लिहिलं, ‘जेव आधी.’

१९ फेब्रुवारी, बुधवार

आईचं नवं यंत्र आलं. साहेब स्वतः माणूस घेऊन आले होते. जुनं ते घेऊन गेले. नवं आकाराने निम्मं, पुढे छोटा पडदा, त्यावर मिनिटाला किती श्वास तो आकडा आणि एक हिरवा दिवा. आईचे चौदा. साहेब खाटेपाशी अवघडून उभे होते, त्यांना आकडा दिसल्यावर कुठे बरं वाटलं. जाताना म्हणाले की आतला बोर्ड तुमच्याच टेबलावरून पास झालेला आहे, मुद्दाम तसाच निवडला.

आईने पाटीवर लिहिलं, ‘म्हणजे आता तूच मला श्वास देणार.’ मी हसले. मला रडायलाही येत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी गादी रिकामी असताना झाकण एकदा दाबायचं असतं. बोर्डच नाही, तर एकही पीन कशाला टेकायला नको. पडद्यावर शून्य यायला हवं. आज अकरा आले.

पिना झाडल्या, स्पिरिटने पुसल्या. पुन्हा अकरा. मीटर लावून बघितलं. धातू धातूला टेकला तर वीज सरळ जाते, इथे तसं नव्हतं. वीज जात होती, पण खूप अडत, कमी-जास्त होत. आम्ही दुरुस्तीवाले मीटरची दोन टोकं चुकून बोटांत धरतो तेव्हा काटा जसा हलतो, तसं. मनात पाल चुकचुकली. मग आठ वाजले आणि बोर्ड यायला लागले, त्या गडबडीत विसरले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी रिकाम्या गादीवर चाळीस. नऊ वाजता पुन्हा बघितलं, अठ्ठावन्न. जेवणाच्या सुट्टीत मी चौकटीच्या कागदावर तीनशे बारा पिनांची जागा आखली आणि ज्या टेकल्याचं यंत्र सांगतंय त्यांवर पेन्सिलीने ठिपके दिले. कुठे बिघाड आहे ते कळावं, एवढंच मनात होतं.

ठिपक्यांचा तळवा झाला. चार बोटं, अंगठा, मधे खोलगट भाग कोरा. तळहात टेकवला की मधला भाग टेकत नाही, तसाच.

कागद घडी करून डब्याखाली ठेवला. डबा उघडला नाही.

३ मार्च, सोमवार

कागद मावशीला दाखवला. काय आहे ते सांगितलं नाही. मी तो माझ्यासमोर धरला होता, बोटं माझ्याकडे. तिने तो हातातून घेतला, उलटा फिरवला आणि टेबलावर ठेवला. बोटं आता गादीकडे झाली. समोरून कोणी दिलेला हात नव्हे हा. माझ्या खुर्चीवर बसून दिलेला उजवा हात आहे.

मग तिने सांगितलं. पासबाई याच खुर्चीवर बसल्या बसल्या वारली, जेवणाच्या सुट्टीत, भर उजेडात. झाकण खाली, तळवा आत, पडदा हिरवा. बाकीच्यांना वाटलं काम करते आहे, म्हणून अर्धा तास कोणी हाक मारली नाही. आधी आठ दिवस ती वेड्यासारखं काम करत होती. घरी तिच्या नवऱ्याच्या यंत्रात तिनेच हात दिलेला बोर्ड गेला होता. त्या आठ दिवसांआधी एका सकाळी तो बंद पडला आणि नवरा गेला, तेव्हा ती इथे होती.

मी विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. मावशी म्हणाली, सांगितलं असतं तर तू बसली असतीस का या खुर्चीवर. नंतर ती रडली. मला तिचा राग आला नाही, राग माझाच आला.

५ मार्च, बुधवार

आज करून बघितलं. एका बोर्डावरची तांब्याची रेघ पात्याने कापली. दाबला. हिरवा.

दुसऱ्यावरची मोठी चिप डाख वितळवून काढून टाकली. तिची जागा नुसती मोकळी. हिरवा.

स्पिरिटच्या खोक्याचा पुठ्ठा त्या मापात कापून गादीवर ठेवला. झाकण ओढलं. चार सेकंद मी श्वास रोखून होते.

हिरवा.

तीन आठवड्यांत मी दोन हजारांच्या वर बोर्ड पास केले आहेत. त्यातले किती चांगले होते ते आता कोणीच सांगू शकणार नाही. पासबाई अजून हात देते आहे, पण ती कोणाचं वाईट करत नाहीये. तिला कुठलाही बोर्ड लाल झालेला बघवत नाही, इतकंच.

६ मार्च, गुरुवार

साहेबांना पुठ्ठा दाखवला. वाटलं होतं त्यांच्यासमोर लाल येईल आणि मी वेडी ठरेन. तसं झालं असतं तर बरं. त्यांच्यासमोरही हिरवा आला. त्यांनी पुठ्ठा उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, परत ठेवला. मग म्हणाले की सोमवारी इंजिनिअर येईल, तोपर्यंत नेहमीसारखं चालू ठेवा. माल आधीच रवाना झाला आहे, असंही म्हणाले. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

मी दांड्याला हात लावणार नाही म्हणून सांगितलं आणि घरी आले. मावशी फाटकापर्यंत आली होती.

आईच्या यंत्रावर चौदा.

७ मार्च, शुक्रवार

पाहुण्याच्या तोंडावर दार लावावं तसं गेले दोन दिवस मी एक गोष्ट मनाआड करत होते. आज आई उशीला टेकून बसली असताना यंत्राचं मागचं झाकण उघडलं. बोर्डावरचा क्रमांक वाचला.

४४१७.

त्याला पासबाईने हात नाही दिला. मी दिला आहे. माझ्या हाताने. पंख्याची मोटर चालवणाऱ्या सांध्याभोवती माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या भिंगातून केसाएवढी काळी रेघ दिसते, पूर्ण गोल. सांधा तडकलेला आहे. पंखा फिरायलाच नको.

पण तो फिरतो. निदान हवा तरी येते.

डाख द्यायला हत्यार काढलं तर आईची पाटी वर. ‘श्वास.’ धाप लागली होती. तिचा तास आता पाऊण तासही राहिलेला नाही. घाईघाईने झाकण लावलं. कारखान्यात फोन केला, त्यांनी क्रमांक विचारून सांगितलं की चाचणीत पास आहे, काळजी नको. दवाखान्यात केला. त्यांच्याकडे उसनं यंत्र आहे, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत मोकळं होईल. तोपर्यंत अडचण आली तर हाताने दाबायची रबरी पिशवी वापरा म्हणाले. ती आहे आमच्याकडे.

आईला सगळं खरं सांगितलं. माझा हात, ४४१७, सगळं. तिने पाटी पुसली. मग लिहिलं, ‘उसवलं तर पुन्हा शिवू.’

८ मार्च, शनिवार

यंत्राला कान लावून बसले. पंख्याचा आवाज नाही. आकडा चौदा, दिवा हिरवा. आईची छाती वर-खाली.

दुपारी प्लग काढला. बघावं म्हणून. बॅटरी नाही त्याला —

दिवा हिरवाच. चौदा.

प्लग परत लावला. का लावला माहीत नाही.

९ मार्च, रविवार

सकाळ, सव्वादहा. आईचे ओठ निळसर. आकडा चौदाच. आकड्याला काय, पुठ्ठ्यालाही हिरवा देते ती. मी आईच्या छातीवर हात ठेवून घड्याळ लावून मोजले. मिनिटाला सहा.

यंत्र काढलं. मास्क पिशवीला जोडला. चार सेकंदांनी एकदा दाबायचं.

सव्वाअकरा. ओठ परत गुलाबी. हसली. जीव भांड्यात — नको, ते नको म्हणायला.

डाव्या हाताने दाबते, उजव्याने लिहिते. लिहिलं नाही तर डोळा लागेल, दोन रात्री झोप नाही. मावशी चार वाजता येते म्हणाली. दवाखान्याची गाडी पाचला, त्याआधी मिळणार नाही म्हणाले. सहा तास. जमेल.

पाऊण वाजला. मास्क काढून आईला बसवून बघितलं, आता बसूनही दोन मिनिटं निभत नाही. हात बदलून बघितला, या बाजूने उजव्याने नीट भरत नाही. परत डावा.

दीड. बोटं वळत नाहीत नीट. आई डोळे मिटून आहे. दाब, सोड. खिडकीतून ऊन खाटेवर आलं आहे. रस्त्यावर मुलं सायकली खेळताहेत. सगळं इतकं साधं दिसतंय.

यंत्र कोपऱ्यात, प्लग जमिनीवर. चौदा.

दोन वाजून दहा. मघाशी हात दुखत होता, आता दुखत नाही. बरं आहे.

अडीच. वाऱ्याने पान उडत होतं म्हणून वही डाव्या हाताने धरली आणि लिहित्येय

डावा हात वहीवर आहे.

कधीपासून

दोन्ही हात वहीवर. पिशवी दबते आहे. सोडते आहे. रबरावर चार खळगे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. चार सेकंदांनी. आईची छाती भरते आहे, माझ्यापेक्षा नीट

डावा हात उचलत नाही. मुंग्या आल्यात, खांद्यापर्यंत बधिर. मेल्यासारखा पडला आहे. थोडा वेळ जाऊ दे, येईल जागेवर. तोवर तू धर, बाई. काढू नकोस. मी कुणाला सांगणार नाही, फक्त

दोन चाळीस. अजून उचलत नाही. एक बोट हललं.

आईने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघते आहे. तिला वाटतंय मीच. पिशवीवर हात टेकवला, मग खडू घेतला. लिहिते आहे, हळूहळू, नेहमीसारखं मापात —

‘हात गार पडला गं तुझा. मी बसते जरा. काढ हात.’

आई नको, ते मला नाही, तू तिला सांगत्येस, ती ऐक